सैल दोरी

एका डोंगराखालच्या गावात एक भोळा गेनबा होता. भोळा म्हणायचं ते लाजेखातर. होता तो अकलेचा कांदा.

दरडीचा धोका कुठे आहे, याचा नकाशा करायला साहेब आले. डोंगरावर त्यांना भेग सापडली. भेगेच्या अल्याड-पल्याड त्यांनी दोन खुंट्या ठोकल्या आणि मध्ये दोरी बांधली. रोज वर चढायला कुणी तयार होईना, म्हणून काम गेनबाच्या गळ्यात पडलं.

"दोरी ताणली की थाळी वाजव," साहेब म्हणाले. "गाव ओढ्यापलीकडच्या शाळेत जाईल. मला फोनही कर. दोरी ताणली तर नकाशात गाव लाल, सैल असेल तर हिरवं."

दुसऱ्या दिवशी ठमाबाईच्या म्हशीने दावं ताणलं. गेनबाने थाळी बडवली. लोक ताटावरून उठून पळाले. सगळ्यांत पुढे म्हातारी ठमाबाई, कारण तिचं घर भेगेच्या बरोबर खाली होतं.

"मुडद्या, दावं ताणलं तर ढील द्यायची," ती म्हणाली.

गेनबाने लक्षात ठेवलं. मग ठमाबाईने अंगणातल्या दोरीवर ओली गोधडी वाळत घातली. दोरी ताणली. गेनबाने ढील दिली. गोधडी चिखलात.

"आता ढील द्यायच्या आधी मला इचारत जा."

तेही लक्षात ठेवलं. पावसात डोंगरावरची दोरी ताणली. गेनबा विचारायला खाली आला.

"काकी, दोरी ताणलीय. ढील देऊ?"

ठमाबाई भाकरी थापत होती. म्हैसच असणार, असं तिला वाटलं.

"दे की."

दिली. रोज विचारलं, रोज दिली. दोरी संपली तेव्हा म्हशीचं जुनं दावं जोडलं.

साहेब फोनवर विचारायचे, "दोरी?"

"सैल."

साहेब शिकलेले. वर चढून बघायची त्यांना काय गरज? गाव नकाशात हिरवंगार झालं.

श्रावणात साहेब तो नकाशा मिरवत आले. खुंट्या काढायला वर जाऊन बघतात तर भेगेत म्हैस आडवी मावेल. धापा टाकत खाली आले आणि स्वतःच थाळी बडवू लागले.

"आता कुणाची म्हैस?" असं कुरकुरत लोक शाळेत गेले.

संध्याकाळी डोंगर खाली आला. माणसं वाचली, म्हैसही वाचली. ठमाबाईचं घर चुलीसकट गेलं. ती शाळेच्या पायरीवर बसून रडत होती. साहेब मान खाली घालून नकाशात लाल पेन्सिल फिरवत होते.

तेवढ्यात गेनबा चिखल तुडवत आला. हातात दोरीचं टोक होतं.

"साहेब, लाल करू नगा," तो म्हणाला. "दोरी अजून सैलच हाय."