मंडळाचा मेंढा

१९७४ साल, माघाची थंडी. कळप सुधारावा म्हणून मेंढीपालकांच्या मंडळाने म्हाळबा मेंढपाळाला गेल्या वर्षी जातिवंत मेंढा दिला होता. बदल्यात त्या मेंढ्याच्या वंशाचे एक नर कोकरू मंडळाला द्यायचे होते. काजळी मेंढीला त्याच्यापासून दोन नर कोकरे झाली, एक दणकट, दुसरे लंगडे. मंडळाचा माणूस आज येणार, म्हणून तिला चारा गोड लागेना. दणकट पोर तिने पोटाखाली लपवले.

"लंगडं नेऊ दे की त्यांना!" ती मेंढ्याला म्हणाली.

"वा गं शहाणे! मलाबी असंच मंडळाला दिलं होतं. माझ्या आईनं तेव्हा लंगडं पुढं केलं असतं, तर तुझ्या वाड्यात कोण आलं असतं?"

माणूस वाड्यात शिरला. काजळीने दणकट पोराचे कान एकदा चाटले आणि ती बाजूला सरली.

मंडळाचे देणे फिटले.