जांभीचे गाल

माणसानं आरसा शोधून काढायच्या कितीतरी आधी एका डोंगरावर वानरांचा कळप राहायचा. एकमेकांच्या अंगावरच्या उवा वेचणं, हीच त्यांची माया. वयात आलेल्या जांभीच्या गालांवर पुटकुळ्या उठल्या, तेव्हा सगळ्या थोरल्या वानरी बोटं परजून धावल्या. कुणी पुटकुळ्या फोडल्या, कुणी वर माती चोळली. गाल सुजले, पू धरला.

"आत्या, आता हात लावायचा नाही!" जांभी ओरडली.

"अगंबाई! मायेनं करतेय, तर शिंगं फुटली हिला," मोतीआत्या फणकारली. "बस मग एकटी!"

जांभी खरंच एकटी बसली. सकाळ-संध्याकाळ झऱ्यावर हलक्या हातानं तोंड धुवायची आणि खाज सुटली की स्वतःचीच बोटं मांडीखाली दाबायची. थंडीत बाकीचे बिलगून बसले की तिला रडू यायचं. नव्या पुटकुळ्याही यायच्या, पण आता त्या चिघळत नव्हत्या. हळूहळू गाल निवले.

उन्हाळ्यात आत्याच्या लेकीच्या कपाळावर पुटकुळी आली. आत्याचं बोट सवयीनं वर गेलं. लेक मागं सरकली आणि जांभीकडे बघू लागली.

"जा, झऱ्यावर जा तिच्याबरोबर," आत्या पुटपुटली आणि आपलं बोट तिनं दुसऱ्या मुठीत घट्ट धरून ठेवलं.