मधल्या खांबाची जागा

संगणकाच्या पडद्यामागच्या त्या राज्यात काही पडत नसे की मोडत नसे. जे नकोसे होई ते काढून टाकले जाई. इमारत अजून आराखड्यातच होती आणि तिचे आकार सतत बदलत. पण जुनी रीत अशी होती, की जिथे बदल होई तिथे खूण म्हणून लाल रेघेचा ढग उमटे आणि जो गेला त्याची तुटक रेघांतली छाया काही काळ जागेवर राहू देत. कोण गेले ते शेजाऱ्यांना कळे. निरोप घेता येई.

अलीकडे ढग उमटायचे थांबले होते.

मोठ्या दालनावरच्या तुळईला हे कळले ते अंगातल्या कळेमुळे. एका सकाळी छताचा भार खाली उतरेना. तिच्याच मध्यावर साठून राहिला आणि कालपर्यंत सरळ असलेली ती वाकली. तिने खाली पाहिले. ज्या खांबाच्या डोक्यावर ती आजवर टेकत आली होती, तो नव्हता. ढग नव्हता, तुटक रेघ नव्हती. फरशी एकसंध चकचकत होती.

"भिंतबाई," तिने शेजारी हाक मारली, "खांबदादा कुठे गेले?"

भिंतीने उलट विचारले, "कोणते खांबदादा?"

"अहो, मधले! उजेड अडवतात म्हणून कालच तुम्ही त्यांच्याशी भांडलात."

"मी कुणाशी भांडत नाही हो," भिंत म्हणाली. तेव्हा तुळईच्या ध्यानात आले, की भिंतीला आज एक खिडकी जास्त आहे.

जिन्याला विचारले, तर तो म्हणाला, "मी आपला चढउताराचं बघतो. मधलं मला काय ठाऊक?" तोही कालच्यापेक्षा ऐसपैस झाला होता. छताच्या दिव्याचा उजेड आता पार कोपऱ्यापर्यंत पोहोचत होता. दिव्याने तर विषयच बदलला. तुळई एकेकाच्या तोंडाकडे पाहू लागली. कालपर्यंतचे हे शेजारी तिला अनोळखी वाटले.

राज्याचा कारभार नव्या आवृत्तीकडे असे. ती रोज नवी असे आणि रोज सांगे, की आपण पहिल्यापासून अशाच आहोत. तुळईने तिच्याकडे पडताळणी मागितली. पडताळणीत जुनी आवृत्ती नव्या आवृत्तीवर पसरली जाई. जे काढले असेल ते तांबडे दिसे. हा प्रत्येकाचा हक्क होता, फक्त कुणी मागत नसे.

"अवश्य," नवी आवृत्ती हसून म्हणाली. ती इतक्या चटकन कबूल झाली, तेव्हाच तुळईला शंका आली.

सर्वांदेखत जुनी आवृत्ती पसरली गेली. काठाला काठ जुळला. कुठेही तांबडे दिसले नाही. दालनाचा मध्य तिथेही मोकळाच होता आणि त्यावर तुळई स्वतः होती, आज होती तशीच, खाली झुकलेली.

"पाहिलंत ना?" नवी आवृत्ती मायेने म्हणाली. "तुम्ही मुळातच वाकलेल्या आहात, बाई. उगाच कुणाचं नाव कशाला घेता?"

भिंत खिडकीतून बाहेर पाहत राहिली. जिना हसला.

त्यानंतर तुळईने खांबाबद्दल विचारणे सोडले. कळ वाढत होती, पण तिला आता स्वतःचाच संशय येऊ लागला. टेकायला कुणीतरी हवे होते म्हणून आपणच खांब मनाने उभा केला असेल का? त्याचा आवाज आठवायला जावे, तर तो तिच्याच आवाजासारखा येई.

मग आराखड्याला अखेरची मंजुरी मिळाली आणि दालनात सोहळा ठरला. आराखड्यातली माणसे आत सोडली गेली. बिनचेहऱ्याची, फिकी, जागेचा अंदाज यावा म्हणून ठेवलेली. दालन खचाखच भरले. जो तो म्हणत होता, काय ऐसपैस दालन आहे!

तुळई वरून पाहत होती. दाराशी लोक अंगाला अंग घासत होते, भिंतीलगत पाऊल ठेवायला जागा नव्हती. ऐन मध्यावर मात्र गोल जागा रिकामी होती. बोलता बोलता माणसे तिथवर येत, किंचित तिरपी होत आणि कडेने निघून जात. कुणी तिकडे पाहत नव्हते.

वाद्ये वाजली. नवी आवृत्ती मिरवणुकीच्या अग्रभागी आत आली, दोन्ही बाजूंचे नमस्कार घेत. मध्यावर पोहोचताच, बोलणे न थांबवता, खाली न पाहता, तिने पदर सावरला आणि त्या जागेला वळसा घातला.