बॅकस्पेसचं गेलेलं काम

माझं शुद्धलेखन कच्चं आहे, शब्दही साधे आहेत, माफ करा.

पूर्वी बॅकस्पेसची कळ अक्षर खोडायची आणि ब्राउझरमध्ये मागच्या पानावरही न्यायची. एके दिवशी ब्राउझरने तिचं दुसरं काम काढून घेतलं. लोक तिला बडवू लागले. "मेली बिघडली, उपटून टाका!"

"ब्राउझरराव, मला उपटतील हो! काम परत द्या."

"बाई, खोडायला तुला दाबलं, की कधी पानच मागं जायचं. लिहिलेलं सगळं नाहीसं व्हायचं."

"मग तेव्हा कुणी ओरडलं कसं नाही?"

"त्यांना वाटायचं, आपलंच चुकलं."



ही गोष्ट सुचली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती ब्राउझरमध्ये टाइप करायला बसलो. अक्षर चुकलं. बॅकस्पेस दाबली. पान जागचं हललं नाही.