साफ केलेला नकाशा

"खुला म्हणजे कुणाला खुला?" लहानूबाबांनी विचारलं.

"सगळ्यांना, बाबा. जगात कुणालाही," निशिकांत म्हणाला.

तो शहरातून सत्काराची शाल घेऊन थेट बाबांच्या मठीत आला होता. जिल्ह्यातल्या दरडींचा नकाशा त्यानं केला होता. कुठला उतार पावसात सुटेल, कुठला धरून राहील, सगळं त्यात. दोन वर्षांपूर्वी तो त्यानं नेटवर खुला, फुकट ठेवला आणि आता त्याचा सत्कार झाला. शाल बाबांच्या पायाशी ठेवून तो शाबासकीची वाट बघत बसला.

बाबा पूर्वीचे मोजणीदार. डोंगर पायांनी मोजायला मला आणि निशिकांतला त्यांनीच शिकवलं. मी तेवढ्यावरच थांबलो. निशिकांत पुढं गेला, फार पुढं... इतका की मागं वळून बघायची त्याला गरज वाटेना.

बाबांनी ओट्याकडं बोट केलं. "मग हिला दाखव."

ओट्यावर बुधीबाई गभाले बसली होती. वरच्या ठाकरवाडीची. गेल्या श्रावणात दरड आली आणि अर्धी वाडी गाडली गेली. तिची सून गेली, नातू गेला. आता ठेकेदारानं अकरा घरांसाठी नवी जागा दाखवली होती. उद्या सकाळी पाया आखायला चुन्याची फक्की पडणार होती. ही जागा तरी धरून राहील का, एवढंच विचारायला ती डोंगर उतरून आली होती.

"मावशी, सोपं आहे," निशिकांत म्हणाला. "फाइल उतरवून घ्यायची. नकाशाच्या कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडते."

बुधीबाई त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. मग बाबांना म्हणाली, "ह्यो काय बोलतो?"

"बोलू दे त्याला. सांग रे, अजून सांग."

"म्हणजे... फाइल दोन जीबीची आहे. रंग दिलेत. लाल म्हणजे धोका, हिरवा म्हणजे ठीक. इंग्रजीत सगळी माहिती आहे."

"मग लाल का हिरवा, तेवढं सांग ना," बुधीबाई म्हणाली. "माझ्या घरात चारच माणसं उरलीत."

निशिकांतनं लॅपटॉप उघडला. "गट नंबर?"

"त्यो मला ठाव नाय. कोंबडमाळाच्या वरल्या अंगाला. रानबाईच्या घळीच्या अलीकडं."

त्यानं नाव लिहून शोधलं. काही नाही. परत लिहिलं. काही नाही.

"नावं कुठं गेली?" बाबांनी विचारलं.

त्यानं तिसऱ्यांदा लिहायला घेतलं.

"मी विचारतोय. नावं कुठं गेली?"

"काढली, बाबा. एकेका माळाला तीन-तीन नावं होती. हा एक म्हणतो, तो दुसरं म्हणतो. डेटा साफ करावा लागतो... प्रत्येक जागेला क्रमांक दिला."

माझं डोकंच फिरलं. दोन पावसाळे आम्ही दोघं वाडी-वाडी हिंडलो होतो ती नावं गोळा करायला. गुराख्यांना विचारलं, म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारलं. सातशे चाळीस नावं! या गृहस्थानं ती कचरा म्हणून झाडून टाकली आणि वर शाल पांघरून घेतली.

"अरे, लाज कशी वाटत नाही तुला?" मी ओरडलोच.

"तू मध्ये बोलू नकोस," तोही उसळला. "मी फुकट दिलंय सगळं. परदेशातले लोक वापरतात! समजून घेणं वापरणाऱ्याचं काम. मी काय घरोघर जाऊन वाचून दाखवू?"

बाबा उठले. भिंत लिंपायला कालवलेल्या मातीचं घमेलं त्यांनी उचललं आणि त्या शालीवर पालथं केलं.

"बाबा!"

"तोंड मिट. बुधीबाई, तुझा डोंगर कर."

ती लगेच ओट्यावरून उतरून मांडी घालून बसली. दोन्ही हातांनी माती वर ओढली, चापटली, बोटानं खोल रेघ मारली.

"ह्यो कडा. ही रानबाईची घळ. ह्यो माळ. ही खाली उतरलेली सोंड. हितं औंदा नवं पाणी फुटलं, आधी नव्हतं." मग तिनं अंगणातले अकरा खडे वेचून मांडले. "आन् ही घरं."

निशिकांत वाकून बघत होता. त्यानं पडद्यावरचा नकाशा फिरवला. परत फिरवला. घळ जुळली. सोंड जुळली. त्याचा चेहरा उतरला.

"कोणता रंग?" बाबांनी विचारलं.

तो पडद्यावर बोट फिरवत राहिला.

"बोल की रं लेकरा!" बुधीबाई म्हणाली.

"लाल," तो म्हणाला. "अकराही लाल."

"आणि खालची सोंड?" बाबांनी विचारलं.

"ती हिरवी. ती धरून आहे."

बुधीबाईनं एकेक खडा उचलून सोंडेवर नेऊन ठेवला. शेवटचा खडा तिच्या हातातच राहिला.

"आमची जुनी वाडी व्हती का यात?"

निशिकांतनं मान खाली घातली. "होती."

"कंच्या रंगात?"

"लाल."

"कवापासून?"

"दरडीच्या... आधी वर्षभर."

बुधीबाई उठली. पदराला हात पुसले.

"उद्या फक्की पडू देत नाय मी," ती म्हणाली आणि चालू लागली. निशिकांतकडं तिनं पाहिलंसुद्धा नाही. मी तिच्याबरोबर जायला चपला शोधू लागलो.

निशिकांत मातीच्या ढिगासमोर तसाच बसून होता. डोळे भरले होते, पण आवाजातला ताठा गेला नव्हता.

"पण बाबा... मी कुठं कुलूप लावलं होतं?"

बाबांनी रिकामं घमेलं उचललं.

"दारच ठेवलं नाहीस तू. भिंतीला कुलूप कोण लावतं रे?"