रुमालाखालचा भाव

जनावरांच्या त्या बाजारात भाव तोंडानं सांगत नसत. रुमालाखाली हातात हात घेऊन बोटं दाबत. भाव पटला नाही, तर जनावर पुढच्या बाजारी पुन्हा आणायची मुभा होती. बायको गेल्यापासून एकटा पडलेला यमाजी दर मंगळवारी आपला म्हातारा बैल आणायचा, येईल त्याच्या हाती हात द्यायचा आणि बैल घेऊन परतायचा.

एकदा बाजाराचे पुढारी विश्वासराव खवळले. "विकायचा नाही तर येतोस कशाला? आज मीच घेतो. भाव सांग, नाहीतर पुन्हा इथं पाऊल टाकू नकोस!"

यमाजीनं रुमाल पसरला. विश्वासरावांनी एक बोट दाबलं, दोन दाबली, अख्खा पंजा दाबला. यमाजी नुसता हात धरून राहिला.

"अरे, भाव बोल की!"

"बोलतो, मालक. बैल न्या, अन् रोज सांजच्याला माझ्या घरी येऊन असाच घटकाभर हात धरून बसा. घरात माझं ऐकणारा हा एकटाच, अन् ह्याला हात नाहीत."

विश्वासरावांची नजर बैलाकडं वळली.

"नाही ना परवडत? मग रिवाजाप्रमाणं येतो पुढच्या मंगळवारी."

यमाजी जायला वळला, पण विश्वासरावांनी त्याचा हात अजून सोडला नव्हता.