राजाच्या दाढीचं कापड

"ज्यात ना झाडाचा धागा, ना जनावराचा, असं कापड मला आठ दिवसांत विणून दे. नाहीतर तुझा माग जप्त," उग्रभानू राजाने मल्हारी कोष्ट्याला हुकूम सोडला.

राजाचा सगळ्या कापडांवर राग होता. सुती सदरा पहिल्याच धुण्यात आटला, म्हणून तो कपाशीवर चिडला. घोंगडी टोचली, म्हणून मेंढ्यांवर उखडला. रेशमी पितांबर भर दरबारात कमरेवरून घसरलं, तेव्हा रेशमाच्या किड्यांवर त्याने चक्क राजद्रोहाचा खटला भरला. किडे हजर राहिले नाहीत, म्हणून तो आणखी भडकला.

मल्हारीने घरी येऊन अंथरूण धरलं. "कापूस, ताग, अंबाडी ही झाडांची. लोकर मेंढीची, रेशीम किड्याचं. मग उरलं काय, पोरी?"

त्याची लेक भिवरा म्हणाली, "उरलो आपण, बाबा."

ती तडक राजाच्या न्हाव्याकडे गेली. उन्हाळा लागताच राजाने कमरेपर्यंतची दाढी उतरवली होती, हे गावाला ठाऊक होतं.

"सटवाजीकाका, ती दाढी कुठाय?"

"गाठोड्यात. राजाची दाढी उकिरड्यावर कशी टाकू? आणि घरात ठेवली तर बायको झोपू देत नाही. ने बाई लवकर!"

भिवराने केस धुतले, पिंजले, कातले. आठव्या दिवशी तिने हातभर रुमाल दरबारात ठेवला. राजाने तो उलटासुलटा केला, पण काही कळेना.

प्रधानाने एक धागा काढून दिव्यावर धरला आणि नाक मुरडलं. "सूत जळलं की वातीसारखा वास येतो. हा तर केस जळल्याचा वास. महाराज, फसवणूक आहे. हे जनावराचंच."

"कोणत्या जनावराचं, प्रधानजी?" भिवराने विचारलं.

"राठ आहे, करडं आहे. एखादा म्हातारा बोकड असणार."

"नीट बघून सांगता ना?"

"पैजेवर सांगतो."

भिवराने हात जोडले. "महाराज, ही तुमचीच दाढी आहे. प्रधानजींचं म्हणणं खरं असेल, तर मी हरले. माग घेऊन जा."

प्रधान खांबामागे सरकला. राजाने आपली गुळगुळीत हनुवटी चाचपली, रुमालाकडे पाहिलं, प्रधानाकडे पाहिलं, आणि असा हसू लागला की त्याचा मुकुट कानावर आला.

त्याने भिवराला सोन्याचं कडं दिलं आणि मल्हारीला दोन नवे माग. प्रधानाला मात्र त्याने जवळ बोलावलं, तो रुमाल आपल्या हनुवटीला बांधून घेतला आणि म्हणाला, "बोकड आता कसा दिसतो, सांगा."